सातव्या दिवसाची पेटी

१

सोमवारी सकाळी नीतानं लोखंडी कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. शनिवारी संध्याकाळी तिनं स्वतः कुलूप लावलं तेव्हा आत पाच पेट्या होत्या. आता चार होत्या. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि मधली जागा तेवढी मोकळी.

जव्हारला एस. टी. स्टँडमागच्या उतारावर, भाड्याच्या घरात, मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं हिवतापाचं केंद्र होतं. पुढच्या खोलीत दोन सूक्ष्मदर्शक आणि हे कपाट, मागच्या खोलीत रूपेशची कॉट. रूपेश म्हणजे दुसरा तंत्रज्ञ, ठाण्याचा मुलगा. नीता इथलीच, शाळामास्तरांची मुलगी, आणि नऊ वर्षं याच केंद्रावर रक्त तपासत आलेली.

१९९९ सालच्या त्या पावसाळ्यात केंद्रानं एकच प्रश्न हाती घेतला होता. गावोगाव तापाला क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या दिल्या जातात, त्या अजून काम करतात का? मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवरचे बेचाळीस रुग्ण घेतले, बहुतेक लहान पोरं. जिवावर बेतणाऱ्या जातीचा हिवताप प्रत्येकाच्या रक्तात दिसलेला. औषध द्यायचं, आणि पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. पाच दिवस, पाच पेट्या, प्रत्येकीत बेचाळीस काचा. रजिस्टर सांगत होतं की सातव्या दिवसापर्यंत सगळ्यांचं रक्त स्वच्छ झालं. औषध शंभर टक्के चालतंय.

गुरुवारी मुंबईहून वेणूताई येणार होत्या. संस्थेच्या तपासनीस डॉक्टर, सगळं खातं त्यांना वेणूताईच म्हणत असे. त्या प्रत्येक पेटीतल्या चार-पाच काचा स्वतः बघणार आणि मगच अहवाल पुढे जाणार. त्यासाठीच नीतानं कपाट उघडलं होतं.

नाहीशी झालेली पेटी सातव्या दिवसाची होती.

"चंदानं धुतल्या असतील," डॉक्टर मधु सांबरे म्हणाले. ते केंद्राचे प्रमुख. नीता, रूपेश, सगळेच त्यांना मधुसर म्हणत. मोखाड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टर होऊन परत आपल्याच मुलखात आलेला. जव्हारमध्ये त्यांचं नाव घेतलं की माणसं आदरानं आवाज खाली आणत. "वापरलेल्या काचा म्हणून टबात टाकल्या असतील बिचारीनं. तिला बोलू नकोस फार. वेणूताईंना मी कळवतो, अपघात झाला म्हणून."

एवढं बोलून ते फोन करायला समोरच्या बूथवर गेले.

चंदाबाई मागच्या अंगणात होती. केंद्राची झाडलोट आणि काचा धुणं तिच्याकडे. तिच्या साबणाच्या टबात काचा खरंच होत्या. नीतानं बाह्या वर केल्या आणि एकेक काच बाहेर काढली. तीस, पस्तीस, एक्केचाळीस.

"मी कपाटाला कशाला हात लावू, मॅडम?" चंदाबाई म्हणाली. "टेबलाखालच्या बादलीत टाकता त्याच मी धुते. सात वर्षं झाली. कपाटाची किल्ली मी कधी हातात धरली नाही."

नीता काच उजेडाकडे धरून बघत होती. अभ्यासातल्या प्रत्येक काचेवर रुग्णाचा नंबर हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीनं कोरलेला असायचा. शिसपेन्सिल पुसली जाते, कोरलेलं धुऊनही जात नाही, म्हणून मधुसरांनीच तो नियम घातला होता.

टबातल्या एक्केचाळीसपैकी एकाही काचेवर नंबर नव्हता.

म्हणजे पेटी धुतली गेली नव्हती. कुणीतरी ती नेली होती.

२

नेली असेल तर का, हा प्रश्न नीतानं आधी विचारला, आणि त्याचं उत्तर तिला रजिस्टरात सापडलं.

केंद्रावर प्रत्येक काच दोघांनी बघायची असा दंडक होता. एकानं काय पाहिलं ते दुसऱ्याला न सांगता. सातव्या दिवसाच्या काचांच्या वेळी नीता नाशिकला प्रशिक्षणाला गेली होती, त्यामुळे त्या पानांवर एका रकान्यात मधुसरांची सही होती आणि दुसऱ्यात रूपेशची. बेचाळीस काचा, बेचाळीस वेळा 'जंतू नाहीत', आणि रूपेशच्या सगळ्या सह्यांखाली एकच तारीख. नऊ ऑक्टोबर.

एका दिवसात बेचाळीस काचा नीट बघून होत नाहीत. स्वच्छ काचेवर तर जास्तच वेळ लागतो, कारण काही नाही असं म्हणण्याआधी शंभर जागा बघाव्या लागतात. नीतानं फिरतीची वही काढली. नऊ ऑक्टोबरला रूपेश दिवसभर मोखाड्याला होता.

त्यानं काचा बघितल्याच नव्हत्या.

गेल्या महिन्यापासून रूपेश ठाण्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी बघतोय हे तिला ठाऊक होतं. न बघता सह्या ठोकल्या, आता वेणूताई काचा तपासणार म्हटल्यावर पेटीच गायब केली. राहतोही मागच्याच खोलीत. रविवारी केंद्र बंद असतं. किल्ली टेबलाच्या खणात.

दुपारी रूपेश बाहेरून आला. मधुसर खुर्चीत बसले होते. नीतानं त्यांच्यासमोरच रजिस्टर आणि वही शेजारी शेजारी ठेवली.

"ही सही तुझी?"

"हो."

"काचा बघितल्यास?"

रूपेशनं आधी तिच्याकडे बघितलं, मग मधुसरांकडे, मग खाली.

"बघितल्या नाहीस. आणि गुरुवारी ते उघड पडलं असतं. पेटी कुठंय, रूपेश?"

"ताई, पेटी मी नाही घेतली."

"मग सही?"

त्याची मान पार खाली गेली होती. मधुसर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. रूपेशनं मागच्या खोलीत जाऊन पिशवी भरली आणि तो चारच्या ठाणे गाडीनं निघून गेला. दारात चपला घालताना त्यानं एकदा वळून पाहिलं, तेही तिच्याकडे नव्हे.

"शाबास," मधुसर म्हणाले. "वाईट वाटतं, पण चूक पकडावीच लागते. आपलं शास्त्र दुसरं काय आहे?"

नीता त्या शब्दानं सुखावली. ते पुढं कितीतरी दिवस तिला टोचत राहिलं.

पाच वाजता लक्ष्या आला. पाड्यांवर जाऊन रक्त आणणारा केंद्राचा माणूस, पोशेरा गावाच्या पुढचा. त्यानं रक्त आणायची थंड पेटी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"रूपेशभाऊनं चोरली? कदी?"

"रविवारी. शनिवारी संध्याकाळी मी पाच पेट्या मोजून गेले होते."

लक्ष्यानं डोकं खाजवलं. "तसा नाय होनार, बाय. शनिवारी दुपारच्यापासून तो माज्या घरी होता. आमची नवी नागली काडायची होती, त्याला बगायचा होता. शनिवारी निजला, रविवारी निजला, आज माज्यासंगंच निंगाला, मी वाटंतल्या पाड्यांवर थांबलो. माजी सगळी आळी सांगंल तुमाला."

३

मंगळवारी ऊन वर आल्यावरच्या गाडीनं नीता लक्ष्याबरोबर मोखाड्याकडे निघाली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिनं एका माणसाला चोर ठरवलं होतं आणि तो चोर नव्हता. सह्या खोट्या, चोरी खरी, म्हणून दोन्ही एकाचंच काम, असं ती धरून चालली होती. मधुसरांनीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, की एकेकाळी हिवताप दलदलीच्या घाणेरड्या वाऱ्यानं होतो असं भलीभली शहाणी माणसं मानत. दलदल होती, तापही होता. मध्ये डास असेल हे कुणी बघितलं नाही. "ती माणसं मूर्ख नव्हती, नीता. त्यांना आपलं म्हणणं इतकं पटलं होतं की ते खोटं कशानं ठरेल हे त्यांनी कधी विचारलं नाही. तू रोज विचारत जा."

सोमवारी तिनं ते विचारलं नव्हतं.

आता एक मात्र तिला नीट विचारायचं होतं. पाच पेट्यांतली एकच का नेली? चौदाव्या दिवसाची तिनं काल संध्याकाळी स्वतः बसून पाहिली होती. रूपेशची कुठलीच सही धरायची नाही असं ठरवून दहा काचा बघितल्या. स्वच्छ होत्या. मग सातव्या दिवशी असं काय होतं जे चौदाव्या दिवशी नव्हतं? काचा गेल्या, पण ज्यांचं रक्त त्या काचांवर होतं ती माणसं होती.

पाड्यावर भात कापून झालं होतं. खळ्यावर कोंडी नावाची बाई पेंढे झोडत होती. तिची पाच वर्षांची फागी अभ्यासातली सतरा नंबरची रुग्ण. फागी शेजारीच मातीत रेघा ओढत होती, गाल भरलेले.

"कशी आहे पोर?"

"आता बरी हाय. मधी परत आलता ताप."

"परत? कधी?"

"कडू गोळ्या तीन दिस दिल्यात, मग गेला. मग पयल्या गोळीपासना आठवडा झाला न पुन्ना आला. मंग दुसरी गोळी दिली तवा गेला, तो गेलाच."

नीता खळ्याच्या कडेला बसली. "दुसरी गोळी म्हणजे कसली, कोंडी?"

"पांढरीच. पन ती कडू नव्हती. पोर थुकली नाय. आनि एकदाच दिली, तीन दिस नाय."

"कुणी दिली?"

"मीच आनली, बाय," मागून लक्ष्या म्हणाला. "केंद्रातना पुड्या मिळाल्या. वर नाव लिवलेली. फागी, आनि दुसरी आठ पोरा. मला वाटला, तुमच्या अभ्यासातलाच हाय."

नऊ पुड्या.

कडू नसलेली, एकदाच द्यायची गोळी. ते क्लोरोक्विन नव्हतं. क्लोरोक्विन हरलं की वापरायचं, ते दुसरं औषध होतं. ते आठव्या दिवशी नऊ पोरांना दिलं गेलं याचा अर्थ सातव्या दिवशी कुणीतरी काचा नीट बघितल्या होत्या. नऊ काचांवर त्याला जंतू दिसले होते. आणि रजिस्टरात त्यानं लिहिलं होतं की दिसले नाहीत. दुसऱ्या औषधामुळेच चौदाव्या दिवसाच्या काचा स्वच्छ निघाल्या होत्या.

कोंडी पेंढा हातात धरून तिच्याकडेच बघत होती.

"बाय, एक विचारू?"

"विचार ना."

"पलीकडच्या पाड्यावर माजी बहीन हाय. तिच्या गौराला पन तसाच ताप आला. फागीबरोबरच. तिथल्या सरकारी माणसानं कडू गोळ्या दिल्या, ताप गेला, आनि आठ दिसांनी परत आला. परत कडू गोळ्याच दिल्या. दसऱ्यानंतर पाच दिसांनी गेली पोर." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्याकडं दुसरी गोळी होती. मग गौराला का नाय दिली?"

४

लक्ष्याला पुड्या कुणी हातात दिल्या होत्या? चंदाबाईनं. तिला टेबलावर ठेवलेल्या मिळाल्या, वर चिठ्ठी. ती तिनं समोरच्या बूथवाल्याकडून वाचून घेतली, 'लक्ष्याला देणे'. चिठ्ठी कुणी ठेवली ते तिला सांगता येईना.

पण गोळ्या कुठून आल्या हे शोधणं अवघड नव्हतं. केंद्रात ते औषध ठेवलेलंच नसायचं. गावात ते एकाच ठिकाणी मिळे, सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर, आणि तिथंही फक्त डॉक्टरच्या सहीच्या चिठ्ठीवर. बुधवारी सकाळी नीता खिडकीशी उभी राहिली. औषध देणारे गृहस्थ ओळखीचे होते. त्यांनी तारेत ओवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

नऊ चिठ्ठ्या. सप्टेंबरच्या शेवटापासून दहा ऑक्टोबरपर्यंत. प्रत्येकीवर एका मुलाचं नाव, वजन, मात्रा. आणि खाली ती सही, जी बघून तिनं नऊ वर्षं रजिस्टराची पानं उलटली होती.

तिनं गठ्ठा परत दिला. "सापडलं का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

बाहेर बाजारात दिवाळीची गर्दी होती. कंदील, रांगोळीच्या पुड्या, पोशेऱ्याकडच्या बायका मडकी घेऊन बसलेल्या. नीता एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिच्या मनात मोडतोड चालली होती, तरी डोकं शांतपणे एकेक गोष्ट मांडत होतं, जसं त्याला शिकवलं होतं तसं.

रविवारी केंद्राच्या बाहेरच्या दाराची किल्ली तिघांकडे असे. रूपेश, चंदाबाई आणि मधुसर. रूपेश लक्ष्याच्या घरी होता. चंदाबाईला सातव्या दिवसाची पेटी चौदाव्यापासून वेगळी ओळखूच आली नसती, वाचता येत नव्हतं तिला.

रूपेशनं काचा न बघता सही केली. पण एवढा हुशार मुलगा बेचाळीस सह्या एका तारखेला का करेल? कुणी सांगितल्याशिवाय? आणि सोमवारी मान खाली घालण्याआधी त्यानं कुणाकडे बघितलं होतं?

आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी तिच्या डोळ्यांसमोर घडली आणि तिला दिसली नाही. चंदानं काचा धुतल्या असतील, असं सर म्हणाले. कोरलेल्या नंबरांचा नियम त्यांचा स्वतःचा. टबातली एक काच उचलून उजेडात धरली असती तर त्यांचं म्हणणं खरं की खोटं ते तिथंच कळलं असतं. नऊ वर्षांत तिनं या माणसाला एकही गोष्ट न तपासता मानताना पाहिलं नव्हतं. दुधात पाणी आहे का हेसुद्धा ते नखावर थेंब घेऊन बघत. आणि सोमवारी दहा पावलांवरच्या टबापर्यंत ते गेले नाहीत.

आपण काय बघणार आहोत हे आधीच ठाऊक असलं, तरच माणूस बघायला जात नाही.

ती उठली. मधुसर दुपारी तीनपर्यंत केंद्रावर एकटेच असणार होते.

५

ते अहवालाचं शेवटचं पान लिहीत होते.

"सर, तुम्ही टबात हात घातला नाहीत," नीता म्हणाली.

मधुसरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी कसला टब असं विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"बस."

"मी दवाखान्यात जाऊन आले. नऊ चिठ्ठ्या आहेत. मी कोंडीला भेटले, फागीच्या आईला."

"फागी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"नऊच्या नऊ बरे आहेत," ते म्हणाले. "एकालाही मी मरू दिलेलं नाही, नीता. हे आधी लक्षात घे."

खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. ते त्याच्याकडे बघत बोलायला लागले. १९९४ साली त्यांनी हाच अभ्यास केला होता. तेव्हा नीता काचा बघे, अहवाल ते एकटेच लिहीत. अडतीस रुग्ण. सातव्या दिवशी तिघांच्या रक्तात जंतू. त्यांनी तेव्हा लिहिलं की या तिघांना नवा डास चावला असणार, औषधाचा दोष नाही. तीन नावं वगळली. अहवाल गेला, वाहवा झाली, आणि त्याच्या भरवशावर दोन्ही तालुक्यांत क्लोरोक्विन चालू राहिलं.

"नव्या डासाचा जंतू सात दिवसांत रक्तात दिसत नाही," नीता म्हणाली. "त्याला जास्त दिवस लागतात. मला हे तुम्ही शिकवलंत."

"तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. वर्षभरानं लक्षात आलं." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "वर्षभरानं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मधु सांबरेनं चुकीचं औषध चालू ठेवलं? मी इथला माणूस आहे. माझ्या शब्दावर माणसं पोरांना सुई टोचून घेतात. तो शब्द गेला की उद्या कुणी दारात उभं करणार नाही, तुलाही नाही. मला वाटलं, पुढच्या अभ्यासात नीट आलं तर आपोआप निभावून जाईल. नाही आलं."

"मग रूपेशला सह्या करायला लावल्यात."

"वेळ कमी आहे म्हटलं. त्यानं विश्वास ठेवला."

"आणि मी त्याला तुमच्यासमोर चोर म्हटलं. तुम्ही मला शाबास म्हणालात."

त्यांनी अहवालाचं पान उलटं करून ठेवलं.

"गौरा गेली, सर. कोंडीच्या बहिणीची. दसऱ्यानंतर. तिला दुसऱ्यांदाही कडू गोळ्याच दिल्या, कारण तुमच्या कागदावर त्या चालतात."

"ती अभ्यासात नव्हती," मधुसर म्हणाले.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून बसले. नीता त्यांच्या चेहऱ्यात तो माणूस शोधत राहिली, ज्यानं तिला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकासमोर बसवून म्हटलं होतं, घाई नको, दिसेल ते सांग. चेहरा तोच होता. म्हणूनच जास्त त्रास होत होता.

"काचा कुठे आहेत?"

"फोडल्या. धरणात टाकल्या." त्यांनी चष्मा परत चढवला. "तुझ्याकडे आता चिठ्ठ्या आहेत, आणि एका बाईचं बोलणं. चिठ्ठ्यांचं मी काहीही कारण देऊ शकतो. वेणूताई माझं ऐकतील."

"ऐकतील," नीता म्हणाली. "पण काचा फोडल्यानं काय होतं, सर? ताप पाड्यावर आहेच."

६

गुरुवारी वेणूताई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मधुसरांनी अपघाताची हकिगत सांगितली. ती संपल्यावर नीतानं आपला कागद पुढे ठेवला. पहिल्या परिच्छेदात तिनं मधुसरांबद्दल लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं ते असं: सोमवारी मी तंत्रज्ञ रूपेश यांच्यावर पेटी चोरल्याचा आरोप केला. तो चुकीचा होता. दोन घटना एकत्र दिसल्या म्हणून मी त्या एकाच माणसाच्या मानल्या, आणि ते रविवारी कुठे होते हे विचारलंही नाही. हा आरोप मी सर्वांसमोर मागे घेते. त्याखाली बाकीचं.

वेणूताईंनी कागद दोनदा वाचला. "बाई, यातलं पहिलं नसतं तर मी दुसऱ्यावर विश्वास ठेवला नसता," त्या म्हणाल्या. मग मधुसरांकडे वळल्या. "डॉक्टर, वाद नको. पुन्हा करून बघू. तुमचं खरं असेल तर पुन्हा खरं निघेल."

मधुसरांनी नकार दिला नाही. ते तब्येतीच्या कारणानं रजेवर गेले.

ठाण्याला जाऊन रूपेशला आणणं हे सगळ्यात अवघड काम होतं. तो चाळीच्या जिन्यात उभा राहूनच बोलला. "ताई, तुम्ही मला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. सरांसमोर त्यांचं नाव कसं घेणार होतो?"

"माझं चुकलं."

"माझंही. न बघता सही केली ना."

दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन जव्हारला उतरला. दोघांमध्ये पूर्वीचं हसणं-खिदळणं मात्र परत आलं नाही.

वेळ थोडा होता. दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाडे रिकामे होतात. लक्ष्यानं घरोघर जाऊन हात जोडले. गौराच्या पाड्यावर त्याला दोन दारांतून हाकलून दिलं, तिसऱ्या दारात गौराची आई स्वतः येऊन त्याच्या बाजूनं बोलली. बारा रुग्ण मिळाले. त्यांना वेणूताईंच्या देखत कडू गोळ्या दिल्या गेल्या, आणि दुसरं औषध या वेळी केंद्राच्या टेबलावर उघड ठेवलं होतं, ताप उलटला की लगेच द्यायला.

सातव्या दिवसाच्या काचा नीता बघायला बसली तेव्हा तिच्या मनात काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला वाटत होतं, काही दिसू नये. बाराच्या बारा स्वच्छ निघाव्यात, सर खरे ठरावेत, आणि आपण खोटं बोलणारी, कृतघ्न बाई ठरावं. ते तिला सोपं गेलं असतं. पहिली काच स्वच्छ होती. दुसरीही. तिसऱ्या काचेवर बाविसाव्या जागी जांभळट ठिपका असलेली बारीक अंगठी दिसली, जंतूची खूण. मग आणखी एक. तिनं मोजलं, लिहिलं आणि पान उलटं करून काच रूपेशकडे सरकवली.

बारापैकी चार.

त्या चौघांना त्याच दिवशी दुसरं औषध मिळालं. फेब्रुवारीत आदेश निघाला आणि त्या पाड्यांवर पहिल्यापासूनच नवं औषध सुरू झालं. १९९४ च्या अहवालाला एक पानाची दुरुस्ती जोडली गेली. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

मधुसर मार्चमध्ये आपली पुस्तकं न्यायला आले. नीता एकटीच होती. त्यांनी पुस्तकं खोक्यात भरली, आणि मग खोकं तसंच ठेवून सूक्ष्मदर्शकापाशी आले.

"चार म्हणे?"

"चार."

"दाखव एखादी."

तिनं तीन नंबरची काच लावली. ते बसले. त्यांची बोटं सवयीनं चाकावर फिरली, पाठ ताठ झाली, आणि बराच वेळ खोलीत फक्त चाकाचा बारीक आवाज येत राहिला.

"शंभर जागांत अकरा," ते म्हणाले. "अंगठ्या. शंका नाही."

नीताचा आकडाही अकरा होता, रूपेशचा दहा. तिनं रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. वेणूताईंनी तिसऱ्या वाचकासाठी, म्हणजे काच बघणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी, एक रकाना आखून ठेवला होता. तो अजून कोरा होता.

"लिहा, सर," ती म्हणाली. "आत्ता जे पाहिलंत तेवढंच."

त्यांनी पेन घेतलं. टोक कागदाला लागलंही, एक निळा ठिपका उमटला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, खोकं उचललं आणि ते स्टँडच्या दिशेनं उतरून गेले. नीता दारापर्यंत गेली नाही.

तिनं त्या ठिपक्यावर काट मारली, शेजारी आपली सही आणि तारीख घातली, आणि पुढच्या ओळीत लिहिलं की तिसरं वाचन झालं, नोंद झाली नाही.